मोकळा खांब

वार्काउस, २२ मार्च २०२०

प्रिय राइली,

सरकारने मला घरात बसवलंय. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांनाच बसवलंय म्हणे, पण मी ते अगदी मनाला लावून घेतलंय. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म गेला, रोज शेकडो पोरांना रांगेत उभं करून जेवायला घातलं, आणि आता टीव्हीवरचा कुणीतरी टाय लावलेला बाबा मला शिकवतो की दुकानात जाऊ नका, शेजारी जाऊ नका, नातवंडांना जवळ घेऊ नका. नातवंडं मला नाहीतच, त्यामुळे तेवढं एक पाळता येण्यासारखं आहे.

यार्मो हेलसिंकीत अडकलाय. महिन्यातून एकदा यायचा, तेही आता बंद. तिकडूनच दुकानाला फोन करून आईला सामान पाठवतो. दुकानवाले दारात पिशवी ठेवतात, घंटा वाजवतात आणि मी दार उघडेपर्यंत पसार होतात. पिशवीत निम्मी केळी असतात. म्हातारी माणसं केळ्यांवर जगतात असं माझ्या लेकाला कुणी सांगितलं कोण जाणे.

फोनवर बोलूया, असं तू लिहितेस. नको. कानात यंत्र घातलं की फोन शिट्ट्या मारतो, आणि काढलं की तू काय बोलतेस ते कळत नाही. तू स्वीडनला गिरणीत शिवायला गेलीस तेव्हापासून आपण पत्रं लिहितोय, तेच बरं आहे.

तू विचारणार म्हणून आधीच सांगते. गोळ्या घेते. आर्वो गेला नि मी विधवा झाले, त्यानंतरचा तो हिवाळा मी विसरलेले नाही, इस्पितळातला तो पिवळा बोळही विसरलेले नाही. तेव्हाही मी घरातच बसून होते, फक्त तेव्हा मला कुणी बसवलं नव्हतं. मला या साथीची भीती वाटत नाही, राइली. सकाळी उठायचं कशाला, हा प्रश्न पुन्हा पडायला लागेल याची वाटते. यार्मोला हे सांगू नकोस, तो आणखी केळी पाठवेल.

बाकी सोसायटी आहे तशी आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगणातला झेंड्याचा खांब दिसतो, माझं अर्धं लक्ष तिकडेच असतं. तुला आठवतं ना आमच्याकडचं? सणाच्या दिवशी झेंडा वर, इमारतीतलं कुणी गेलं तर अर्ध्यावर, आणि खांब मोकळा असला म्हणजे सगळे आपापल्या घरात धडधाकट. मंगळवारी सकाळी झेंडा अर्ध्यावर होता. लगेच सगळ्या खिडक्यांत डोकी. दुसऱ्या जिन्यातली सीरी गेली, छातीच्या जुन्याच दुखण्याने. झेंडा नेहमीप्रमाणे माझ्या खालच्या घरातल्या तौनोने लावला. कागद कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तोच लावतो. आधी झेंडा पार टोकापर्यंत नेतो आणि मग तिसरा हिस्सा खाली घेतो. थेट अर्ध्यावर बांधलेला त्याला खपत नाही. म्हणतो, "माणूस कसाही असेना, एकदा वरपर्यंत जाऊन आला पाहिजे."

बेर्तिल कसा आहे ते लिही.

तुझी हिल्का


बुरोस, ३१ मार्च २०२०

प्रिय हिल्काताई,

तुझ्या केळ्यांना माझा नमस्कार.

इथे सगळं उलटं आहे. दुकानं उघडी, कॅफे उघडे, तरणीताठी माणसं उन्हात बसून केक खातात आणि आम्हाला सांगतात, आजी, तुम्ही तेवढ्या घरी बसा. आमच्या फिनिश मंडळाला मात्र कुलूप आहे. बुधवारच्या टँगोला आता मी आणि रेडिओ दोघंच.

बेर्तिलला भेटायला बंदी झाली. ऑक्टोबरात अर्धांगाचा झटका आल्यापासून मी रोज अकराला त्याच्या वृद्धाश्रमात जायची, त्याची दाढी करायची, कॉफी पाजायची. आता दारावर कागद चिकटवलाय. पण तुझी बहीण काही कमी नाही. मागच्या अंगणात बर्चचं झाड आहे, त्याच्याखाली उभं राहिलं की दुसऱ्या मजल्यावरची त्याची खिडकी समोर येते. नर्स त्याला अकराला खिडकीशी आणून बसवते. मी खालून टोपी उडवते, टँगोची चार पावलं टाकते, तो उजवा हात वर करतो. डावा तर गेलाच आहे. परवा नर्सने खिडकी उघडून सांगितलं, "लिंडक्विस्टबाई, ते म्हणतायत टोपी वाकडी आहे." लग्नाच्या दिवशीही तो हेच म्हणाला होता.

उठायचं कशाला म्हणतेस? माझ्या पत्राला उत्तर लिहायला उठायचं. आणि त्या तौनोकडे जरा बघ. इतकी वर्षं विधुर आहे, हाताने टापटीप आहे, झेंड्याची घडीसुद्धा तुझ्या आर्वोच्या शर्टांपेक्षा बरी घालतो. मी काही सुचवत नाही, नुसतं सांगते.

तुझी राइली


वार्काउस, १३ एप्रिल २०२०
ईस्टरचा सोमवार

प्रिय राइली,

पंचाहत्तरीची झालीस तरी तुझं सोयरीक जुळवणं जात नाही. तौनोला मी हे सांगितलेलं नाही, सांगितलं तर तो अंगण झाडायला यायचा बंद होईल.

झाडायला तो रोज येतो. हिवाळ्यात बर्फावर टाकलेली खडी काढणं हे काम सोसायटीने एका कंपनीला दिलंय, पण ती कंपनी काढत नाही आणि तौनोला बघवत नाही. मी बाल्कनीत दिसले की खालून ओरडतो, "हिल्का, जिवंत आहेस का?"

"अजून आहे. तुझी पंचाईत झाली का?"

"झाली ना. झेंडा धुवायला टाकायचा होता, आता हाताशीच ठेवावा लागणार."

एवढंच. मग तो झाडतो, मी बघते. दिवसभरात माझ्या तोंडून निघालेले शब्द पुष्कळदा तेवढेच असतात.

गुरुवारी फिनिश भाषेचा दिवस होता, तेव्हा झेंडा वर होता. संध्याकाळी दारात मॅम्मीचा डबा ठेवलेला सापडला. ईस्टरला आईने केलेली ती काळी गोड लापशी तुला घशाखाली उतरायची नाही, आठवतं? मी साय घालून सगळी खाल्ली. गेल्या आठवड्यात नीट जेवले असेन तर तेवढंच. तुझ्यापाशी लपवत नाही. दुपारपर्यंत गाऊनमध्येच असते. भांडी घासायची म्हणून उठते आणि मग नळ चालू करून नुसती उभी राहते. खालून तौनोचा रेडिओ ऐकू येतो. बहिऱ्या माणसाला ऐकू येतो म्हणजे किती मोठ्याने लावत असेल बघ. सकाळी प्रार्थना, मग समुद्रावरचं हवामान. इथून समुद्र दिवसभराच्या वाटेवर आहे, पण त्याला लाटांची उंची कळल्याशिवाय कॉफी जात नाही. पूर्वी मी काठी आपटायची. आता त्या आवाजाने उठते.

बेर्तिलला माझा नमस्कार वरच्या खिडकीत पोचव.

तुझी हिल्का


बुरोस, २० एप्रिल २०२०

प्रिय ताई,

पत्र मिळालं. मॅम्मीचं वाचून अंगावर काटा आला. तुझी तब्येत बरी आहे ना? गाऊन बदलत जा. नाही बदललास तरी कोण बघतंय म्हणा.

इथे सगळं ठीक. बर्चला पालवी आली. मी रोज अकराला जाते. आज तर खिडकीतून दोन्ही हात हलवले, अगदी लहान मुलासारखे. मी टोपी उडवली. मग वारा सुटला म्हणून लवकर परत आले. वाटेत पाव घेतला.

आणखी काय लिहू? माझी काळजी करू नकोस. तू तुझी गोळ्यांची वेळ सांभाळ.

तुझी राइली


वार्काउस, २५ एप्रिल २०२०

प्रिय राइली,

दोन्ही हात! मी ते वाक्य तीनदा वाचलं. तिथल्या व्यायामवाल्या बाईचं कौतुक केलं पाहिजे. गेलेला डावा हात सहा महिन्यांनी वर येतो म्हणजे थोडं नव्हे. या वसंतात कुणाचं तरी काहीतरी बरं होतंय.

माझं विशेष काही नाही. पडून असते. तौनो हल्ली झाडायला दिसत नाही. रेडिओही बंद आहे. पहिल्या दिवशी मला वाटलं माझ्या यंत्राची बॅटरी गेली. ती बदलली, तरी शांतच. म्हटलं, बातम्यांना कंटाळला असेल, कोण कंटाळलेलं नाही? खाली जाऊन दार वाजवावं असंही वाटलं. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले. पण कुणाच्या दारात जाऊ नका, असं जिन्यातच लिहून लावलंय. त्यातून गाऊनमध्ये. परत वर आले आणि खिडकीतून बघितलं. खांब मोकळा आहे. म्हणजे सगळं ठीक आहे. पुतण्याकडे तळ्यावरच्या झोपडीत गेला असेल. मला न सांगता गेला याचा राग आलाय, आला की सुनावते.

तुझी हिल्का


बुरोस, ७ मे २०२०

प्रिय ताई,

दोन रविवार झाले, तुझं पत्र नाही. यार्मोला फोन केला तर तो म्हणाला, आई फोन उचलत नाही, आरोग्य केंद्रातून नर्स पाठवली होती, आई बरी आहे पण बोलत नाही. बरी आहे आणि बोलत नाही, म्हणजे काय समजायचं?

दोन ओळी लिही. काहीही लिही, केळ्यांबद्दल लिही. मला आत्ता तुझं अक्षर बघायचंय. का ते विचारू नकोस.

तुझी राइली


वार्काउस, १० मे २०२०
मातृदिन

प्रिय राइली,

आज सगळीकडे झेंडे आहेत, आमचा खांब मोकळा आहे. तौनो मेला.

पहिल्यापासून सांगते. सत्तावीस एप्रिलला युद्धातल्या सैनिकांचा दिवस असतो. तौनोचा बाप एक पाय लढाईतच ठेवून परत आला होता. त्या दिवशी तौनो कोट घालून आठच्या ठोक्याला झेंडा चढवतो. ताप असताना चढवलाय, बायकोच्या अंत्यविधीच्या आठवड्यात चढवलाय. मी कॉफीचा पेला घेऊन खिडकीत उभी होते. आठ वाजून गेले. खांब मोकळाच. इतके दिवस मी त्या मोकळ्या खांबाकडे बघून निश्चिंत होत होते, राइली, आणि त्या सकाळी त्याच्याकडे बघून मी पेला खिडकीतच ठेवला.

गाऊनमध्येच खाली गेले. दार वाजवलं. मग वाकून टपालाची फट उघडली. आत फरशीवर वर्तमानपत्रांचा ढीग पडला होता. आमच्याकडे पेपर फटीतून आत पडतो, त्यामुळे बाहेरून कुणाला काही दिसत नाही. आणि वास आला. ते सोडून देते.

न्हाणीघरात पडला होता. साथीने नाही, हृदयाने गेला. डॉक्टर म्हणाले ईस्टरच्या आसपास गेला असेल, नक्की सांगता येत नाही. म्हणजे मी तुला मॅम्मीबद्दल लिहीत होते तेव्हा कदाचित गेलाही असेल. मी रोज त्याच्या डोक्यावर चालत होते. त्याच्या डोक्यावर कॉफी करत होते. त्याचा रेडिओ बंद झाला तेव्हा मी यंत्राची बॅटरी बदलली आणि दोन पायऱ्या उतरून परत फिरले.

मी एकटीच नव्हे. अख्ख्या इमारतीने खांबाकडे बघितलं आणि दाराकडे कुणीही बघितलं नाही. सगळ्यांशी बोलले, सगळे हेच सांगतात. "झेंडा अर्ध्यावर नव्हता ना, मग आम्हाला कसं कळणार?" झेंडा लावणाराच गेला तर झेंडा कोण लावणार, हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

आणि त्याला झेंडा मिळाला नाही. झेंड्याच्या कपाटाची किल्ली त्याच्या घरात, घराला सील. अध्यक्ष लाउक्कानेनला मी सांगितलं, कुलूप तोड. तो म्हणाला, "हिल्का, झेंडा मृत्यूच्या दिवशी लावायचा असतो. तो कुठल्या दिवशी गेला तेच माहीत नाही, मग कुठल्या दिवशी लावायचा?" हे तो तोंडावर मास्क लावून, तीन हात लांब उभा राहून, अगदी समजुतीने बोलला. मी त्याच्या तोंडावर दार लावलं आणि बिछान्यात गेले.

तिथेच होते आत्तापर्यंत. फोनची वायर काढली. नर्स आली, ती अंतराळातून आल्यासारखी नखशिखांत झाकलेली होती, तिने गोळ्या वाढवल्या. मी आता बरी आहे असं लिहायला पेन उचललं होतं, पण मला खोटं लिहायचा कंटाळा आलाय. मी बरी नाही. पण तुला कळवण्यासाठी उठले, खुर्चीत बसले, एवढं झालं. तू मागे लिहिलंच होतंस, पत्राला उत्तर लिहायला उठ म्हणून.

बेर्तिलचे दोन्ही हात, एवढ्या एका गोष्टीवर मी हे दिवस काढले. आणखी काही चांगलं असेल तर लिही.

तुझी हिल्का


बुरोस, १८ मे २०२०

ताई,

चांगलं काही नाही.

बेर्तिल चौदा एप्रिलला गेला. आश्रमात साथ शिरली, त्या मजल्यावरची बरीच गेली. मला सकाळी फोन आला की ताप आहे आणि संध्याकाळी फोन आला की संपलं. आत जाऊ दिलं नाही. त्याचं सामान पिशवीत बांधून, पिशवीला गाठ मारून मला दाराबाहेर आणून दिलं. ती गाठ मी अजून सोडलेली नाही. पिशवी त्याच्या खुर्चीत आहे.

मी त्याच दिवशी यार्मोला कळवलं होतं. तो रडला आणि मग म्हणाला, "मावशी, आईला सध्या काही वाईट सांगू नकोस. मागच्यासारखं झालं तर मी तिथे पोचू शकणार नाही." त्याचं काही चुकलं नाही. तू आपल्यातली नाजूक आणि मी खट्याळ, हे आपल्याकडे लहानपणापासून ठरलेलंच आहे. मग मी खट्याळ पत्र लिहायला बसले आणि ते तसं उतरलं.

दोन्ही हात खोटे नव्हते. त्याचे नव्हते एवढंच. तो गेल्यावरही मी अकराला निघायची. कुठे जाणार दुसरीकडे? बर्चखाली उभी राहिले, वर बघितलं, तर खिडकीत कुणीतरी बसलेलं. मजल्यावरची माणसं इकडची तिकडे हलवली होती, त्याच्या खोलीत दुसऱ्या एका म्हाताऱ्याला आणलं होतं. त्याला वाटलं मी त्याच्यासाठी आलेय. दोन्ही हात हलवायला लागला. मी काय करणार? टोपी उडवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग रोजच. टँगोसुद्धा केला. त्याचं नावही मला माहीत नाही, ताई. माझ्यासाठी कुणीतरी वाट बघतंय एवढं पुरत होतं, आणि त्यालाही पुरत असावं.

तुला सात तारखेला पत्र लिहिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी बेर्तिलचा अंत्यविधी होता. मी आणि पाद्री. तो लांबून बोलला, मला नीट ऐकू आलं नाही.

गेल्या आठवड्यापासून ती खिडकीही रिकामी आहे. मी नर्सला विचारलं नाही. परत आले आणि पुन्हा गेले नाही.

इथे झेंडा नाही, खांब नाही. आमच्या जिन्यात कुणालाही माहीत नाही की बेर्तिल गेला. खालची बाई परवा म्हणाली, "बेर्तिलला सांगा लवकर बरा हो." मी सांगते म्हटलं.

तुला तौनोचं वाईट वाटतं, मला तर त्याचा थोडा हेवा वाटला. पडदे मी उघडत नाही. आता असं वाटतं की झोपावं आणि सकाळ होऊच नये. हे वाचून घाबरू नकोस, नुसतं वाटतं. लोकांचे फोन नको झालेत म्हणून फोन बंद करून ठेवलाय. तू स्वतःला जप, गोळ्या घे.

तुझी राइली


वार्काउस, २५ मे २०२०, सोमवार

राइली,

तुझं पत्र आज सकाळी आलं. ते वाचून मी फोनची वायर परत भिंतीत घातली, कानात यंत्र घातलं आणि तुझा नंबर फिरवला. शिट्ट्या वाजल्या. तुझा फोन बंद.

मग खाली गेले. तौनोच्या पुतण्याने घर रिकामं केलं तेव्हा झेंड्याच्या कपाटाची किल्ली सोसायटीला दिली, आणि ती घ्यायला कुणी पुढे येईना म्हणून गेल्या आठवड्यापासून माझ्या खुंटीवर आहे. आज पहिल्यांदा वापरली. कपडे घालून गेले, निळा कोट. दोरी जड आहे, तौनो ती एका हाताने ओढायचा, मला दोन्ही लागले आणि मध्ये थांबावं लागलं. पण आधी पार टोकापर्यंत नेला आणि मग तिसरा हिस्सा खाली घेतला.

सगळ्या खिडक्यांत डोकी. लाउक्कानेन बाल्कनीत आला.

"हिल्का, कोण गेलं?"

"बेर्तिल."

"कुठल्या जिन्यातला?"

"कुठल्याच नाही. बुरोसचा. माझ्या बहिणीचा नवरा."

"अगं, पण तसं नियमात बसत नाही."

"मग खाली ये आणि उतरव."

तो आला नाही. उलट टोपी काढून उभा राहिला, ते मात्र मी मान्य करते. दर जुलैत बेर्तिल इथे येऊन जिन्यातली दारं, नळ, सायकली दुरुस्त करायचा, ते लोक विसरलेले नाहीत. उद्या तौनोचा झेंडा. त्याची तारीख मी ठरवलीय आणि लाउक्कानेनला विचारणार नाही.

दुपार. पुन्हा फोन केला. बंदच.

राइली, झोपावं आणि सकाळ होऊच नये, हे वाक्य मी ओळखते. त्या हिवाळ्यात मी डॉक्टरला अगदी याच शब्दांत सांगितलं होतं, आणि मीही म्हटलं होतं की नुसतं वाटतं. तेव्हा तू रात्रीच्या जहाजाने आलीस, माझे पडदे उघडलेस आणि मला शिव्या देत आंघोळ घातलीस. आज मला ते जहाज मिळणार नाही. सीमा बंद आहे आणि माझे पाय असे. आपण सगळे इतके दिवस हिल्काला जपा, हिल्काला जपा करत राहिलो आणि तुझ्याकडे कुणी बघितलं नाही. तू हसत होतीस, म्हणजे खांब मोकळा होता.

मी तुझ्या बाबतीत दोन पायऱ्या उतरून परत फिरणार नाही. यार्मोला फोन केला, त्याला चार गोष्टी सुनावल्या, मग त्याच्याकडून तुमच्या पोलिसांचा नंबर घेतला. त्याला बोलू दिलं नाही, मीच बोलले. माझी स्वीडिश तुझ्या सासूशी बोलण्यापुरती होती, तीही गंजलेली. पलीकडची बाई सावकाश बोलली. मी म्हटलं, माझी बहीण. पंचाहत्तर. एकटी. नवरा मेला. दार वाजवा. जिवंत आहे का विचारा. याहून नीट मला येईना. तिने पत्ता दोनदा विचारून घेतला.

संध्याकाळ. अजून कुणाचा फोन नाही. झेंडा उतरवायची वेळ झाली. उतरवतानाही आधी टोकापर्यंत न्यायचा असतो, म्हणून पुन्हा ओढला. हाताला फोड आलाय.

हे पत्र तुला पोचेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी टाकते. फोनपाशीच बसलेय, कानात यंत्र घालून.

हिल्का


बुरोस, २८ मे २०२०

ताई,

फोनवर तू माझ्याशी काही बोललीच नाहीस, नुसती रडलीस, आणि शिट्ट्यांमुळे मला तेही धड ऐकू आलं नाही. म्हणून लिहिते.

मी डॉक्टरकडे जाऊन आले. म्हणजे नेलं मला. गोळ्या दिल्यात आणि दर सोमवारी एक बाई फोन करणार आहे. बरं वाटतं का म्हणशील तर नाही वाटत. पिशवीची गाठ तशीच आहे. फोन चालू ठेवलाय. तू रोज अकराला करायचा, असं मी ठरवलंय, लक्षात ठेव.

त्या दिवशीचं तुला सांगायचं राहिलं. घंटा वाजली तेव्हा मी अंथरुणात होते. उठले नाही. पुन्हा वाजली, तरी उठले नाही. मला उठायचंच नव्हतं, ताई, हे तुला खरं सांगते, आणि ते तेवढ्यापुरतं नव्हतं. मग टपालाची फट उघडल्याचा आवाज आला आणि त्यातून एका बाईचा आवाज. पोलीस होत्या, दोघीजणी.

"राइली, फिनलंडहून तुमच्या बहिणीने विचारलंय, तुम्ही जिवंत आहात का?"

आधी मला राग आला. हा काय प्रश्न झाला? असं कुणी विचारतं का? मग वाटलं, उत्तर काय द्यायचं? मी तशीच पडून राहिले. त्या दाराबाहेर थांबल्या. त्यांनी दार तोडलं नाही की पुन्हा विचारलंही नाही. फट तेवढी उघडी धरून ठेवली होती, तिच्यातून जिन्यातला उजेड फरशीवर येत होता. मग मला तौनोला बाल्कनीतून उत्तर देणारी तू आठवलीस, आणि मी उठून बसले.

"अजून आहे," मी म्हटलं.

तुझी राइली